विश्लेषण : मंगोलियातल्या हंसाच्या गळ्यातली पट्टी नाथसागरावर कशी वाचायची?

पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर शेवगाव, नेवासा तालुक्यांपर्यंत पसरला आहे. १९८६ पासून हा परिसर पक्षी अभयारण्य असून त्याचा काही भाग अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. हिवाळ्यात येथे येणाऱ्या पाहुण्यांत पट्टकादंब हा हंसही असतो. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात.

हा पक्षी खास का?

तो मंगोलिया, तिबेट आणि लडाखमध्ये वीण करतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो. उपग्रह ट्रान्समीटर बसवलेल्या पक्ष्यांपैकी एकाने ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे.

अभ्यास कसा झाला?

उन्हाळ्यात या हंसांची उड्डाणपिसे एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. मंगोलियात संशोधक याच काळात त्यांना पकडतात. वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे चार्ल्स बिशप आणि सहकाऱ्यांनी हंसांच्या शरीरात नोंदयंत्रे बसवून हृदयाचे ठोके मोजले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : हंस सतत उंचावर राहत नाहीत, डोंगर-दऱ्यांच्या चढउतारांसोबत वर-खाली उडतात. उंचावरच्या विरळ हवेत पंख मारायला जास्त कष्ट पडतात, म्हणून खाली येऊन पुन्हा चढणेच स्वस्त पडते.

जेसिका मीर यांनी पिल्ले स्वतः वाढवली. पुढे मुखवटा लावून कमी ऑक्सिजनमध्ये त्यांना उडवले, तेव्हा त्यांच्या रक्ताचे तापमान उतरल्याचे दिसले. थंड रक्त ऑक्सिजन अधिक धरून ठेवते. हे संशोधन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २०१९ मध्ये, मीर अंतराळ स्थानकात पोहोचल्या.

विद्यार्थ्यांचा संबंध काय?

काही हंसांच्या गळ्यात अक्षर-अंकांची रंगीत पट्टी असते. महाराष्ट्रातील पाणथळींवरही असे हंस दिसले आहेत. पट्टी मंगोलियात बसली, तरी पक्षी हिवाळ्यात कुठे गेला, हे ती वाचणाराच सांगू शकतो. दुर्बिणीतून वाचलेला क्रमांक, तारीख आणि ठिकाण मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवता येते.

पट्टी दिसली नाही, तरी वहीत चार गोष्टी लिहाव्यात : थवा किती मोठा, वेळ कोणती, पक्षी गवत चरतात की हरभरा-गहू, आणि कशाने उठतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांमधला हा आठवडा शाळांसाठी सोयीचा.

काय टाळावे?

फोटोसाठी जवळ जाणे. थव्यातले हंस माना उंच करू लागले, की तिथेच थांबावे. वारंवार उठवलेल्या पक्ष्याचा चरण्याचा वेळ जातो आणि परतीच्या प्रवासाची चरबी साठत नाही. हिमालय ओलांडण्याची तयारी नाथसागराच्या काठावरच होत असते.