जायबंदी शिपायाचे वेतन आणि त्याचे कागद

मोताळा तालुक्यातील कोरडवाहू जमिनीवर घरातील सर्व मुलांचा निर्वाह होत नाही, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. एका भावाने कपाशी-सोयाबीन सांभाळावे व दुसऱ्याने पलटणीत नाव घालावे, ही वाट पुष्कळ घरांनी धरली आहे. मुलगा भरती झाला म्हणजे पेढे वाटले जातात, पगाराची व रजेची चौकशी होते. परंतु तो हात किंवा पाय गमावून अथवा एखादी व्याधी घेऊन परत आल्यास सरकार त्यास काय देणे लागते, हे त्या वेळी कोणी विचारीत नाही. आमची सारी उमेद महसुली दप्तरात गेली असल्यामुळे कागदाचे महत्त्व आम्हांस इतरांहून थोडे अधिक वाटत असेल. तथापि या बाबतीत बहुतेक सर्व काही कागदावरच ठरते, हे खरे आहे.

रणात जखम झाली तर तिचे कारण कोणी विचारीत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांस 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. पुढे 1972 साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. अशा युद्धजखमींसाठी वेतनाचा दर निराळा व अधिक आहे. परंतु बहुतेक जायबंदी शिपाई गोळीने जायबंदी झालेले नसतात. कोणाची लष्करी गाडी घाटात उलटते, कोणाचा कान तोफेच्या आवाजाने जातो, कोणाची पाठ जाते, कोणास फेफरे अथवा रक्तदाब जडतो. येथे सरकार दोन गोष्टी पाहते. अपंगत्व सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे वाढले काय, ही पहिली; आणि वैद्यकीय मंडळाने ते निदान 20 टक्के ठरविले काय, ही दुसरी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इजा झाली त्या आठवड्यातच लिहिले जाते. गारपिटीचा पंचनामा महिन्याने केला तर शेतात काय दिसेल? तीच गत येथे आहे. इजेचा अहवाल तयार होतो, प्रसंगी चौकशी बसते, आणि इसम त्या वेळी कामावर होता की नाही ही एक ओळ त्यात पडते. पुढे वीस वर्षांनी त्याच ओळीवर वेतन मिळते किंवा अडते. म्हणून मुलाने त्या अहवालाची प्रत घरी पाठवावी व ती सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकी जपून ठेवावी.

रजेच्या बाबतीत आमच्या शेतकरी बंधूंनी विशेष सावध असावे. रजेवर येताना व परत जाताना, सरकारी खर्चाने किंवा वॉरंटवर चाललेला प्रवास नियमांनी सेवेतच धरला आहे. परंतु गावी आल्यावर झालेल्या रस्त्यावरील अपघाताचा सेवेशी संबंध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठरविले. मग सुगीत मदतीस उभा राहिलेल्या शिपायाचा हात मळणी यंत्रात गेला, तर त्याची काय आशा धरावी? निकाल कठोर वाटतो खरा, पण तो ठाऊक असलेला बरा.

व्याधीच्या बाबतीत मात्र न्यायालयाने शिपायाची बाजू राखली. सिग्नल्स खात्यातील एक शिपाई 1985 साली भरती झाला आणि 1994 साली फेफऱ्यामुळे, 20 टक्के अपंगत्व लावून, घरी पाठविला गेला. व्याधी उपजत प्रकृतीची आहे असे म्हणून त्याचे वेतन नाकारले होते. 2 जुलै 2013 रोजी धर्मवीर सिंग खटल्यात निकाल झाला की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर इसम निरोगी होता असे मानावे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये व संशयाचा फायदा त्यास द्यावा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद इतका मोलाचा कसा, हे यावरून कळेल. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सेवामुक्त होणाऱ्याने जुन्या शिपायाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता हिशेब. जुन्या नियमांत पूर्ण म्हणजे 100 टक्के अपंगत्वास शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अपंगत्वाचा भाग मिळतो. कमी असल्यास त्या प्रमाणात. शेवटचा पगार 40,000 रुपये व अपंगत्व 20 टक्के असेल, तर दरमहा 2,400 रुपये होतात. परंतु 1996 पासून 50 च्या आतील टक्केवारी 50 धरण्याची सवलत आहे. त्यामुळे तेच 6,000 होतात. ही सवलत प्रथम केवळ अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांस होती. 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार खटल्याच्या निकालाने ती मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांसही लागू झाली. आमच्या मते जुन्या निवृत्तांनी आपल्या आदेशातील टक्केवारी एकदा चष्मा लावून वाचावी.

सर्वच गणवेशांस हे नियम लागत नाहीत. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामा येथे आपल्या जिल्ह्यातील दोन जवान कामी आले. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते, आणि त्या दलासाठी असाधारण निवृत्तिवेतनाचे निराळे नियम आहेत. 2022 च्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरास तर अपंगत्वाचे मासिक वेतनच नाही. सेवेमुळे आलेल्या 100, 75 व 50 टक्के अपंगत्वास अनुक्रमे 44, 25 व 15 लाख रुपये एकरकमी आणि उरलेल्या मुदतीचा पगार, इतकेच त्याच्या पदरी पडते. संपादित जमिनीचा एकरकमी मोबदला किती वर्षे पुरतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांस बाविशीच्या जायबंदी मुलाविषयी चिंता वाटल्याशिवाय राहणार नाही. मुलाच्या अर्जावर सही होण्यापूर्वी घरात याची चर्चा झालेली असावी.

मागणी नाकारल्याचे पत्र आले तर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे. तेही फेटाळले गेल्यास दुसरे अपील आहे, आणि त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले असून आपल्यासाठी त्याचे पीठ मुंबईस आहे. उशीर महाग पडतो. 1983 साली घरी पाठविलेल्या एका शिपायाने 1999 साली दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये थकबाकी दाव्यापूर्वीच्या केवळ तीन वर्षांची दिली. मधली वर्षे बुडाली. अर्ज लिहिण्यास साहाय्य करणारे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बुलढाण्यास आहे. तेथे जाताना डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाचा कागद, इजेचा अहवाल व नकाराचे पत्र बरोबर न्यावे, आणि आधार कार्डावरील व पलटणीच्या दप्तरातील नाव अक्षरशः एकच आहे ना, हे घरून निघण्यापूर्वी ताडून पाहावे.