पुन्हा पहिलीच्या वर्गावर

प्राथमिक शिक्षक वर्गापासून दूर जातो तो बहुधा बढतीमुळे किंवा कामगिरीवर. कोणी गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती होतो, कोणी सहावी ते आठवीचा विषयशिक्षक होतो, कोणी तालुक्याच्या कार्यालयात वर्षानुवर्षे माहितीचे तक्ते भरत बसतो. परतल्यावर त्याच्याकडे पहिली-दुसरी येते आणि शाळा दोनशिक्षकी असेल तर हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. आनंददायी शिक्षणावर प्रशिक्षणे दिलेल्या माणसालाही इथे नव्याने शिकावे लागते. मोठ्या मुलांना सांगून समजते. सहा वर्षांचे मूल मात्र थोडा वेळ ऐकते, मग शेजाऱ्याचा रबर ओढते, नाहीतर मध्येच उभे राहून ‘गुरुजी, आमच्या शेळीला करडू झालं’ असे सांगते.

गिजुभाई बधेका (1885–1939) यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षकही असाच फसतो. चौथीच्या वर्गात तो पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेतो आणि वर्गात गोंधळ माजतो. मग तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तीच मुले जागची हलत नाहीत. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हा विचार पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या मुलांपर्यंत नेला. जमिनीवर बसून मुलांच्या हाती वस्तू देणे महाराष्ट्राला नवे नाही. प्रत्येक शिक्षकाला ते आपापल्या वर्गात पुन्हा उभे करावे लागते, एवढेच.

करडाचे वाक्य टाळण्याऐवजी फळ्यावर लिहिले की वाचनाचा पाठ तिथेच सुरू होतो. मुलाने स्वतः बोललेले वाक्य त्याला आधीच पाठ असते, त्यामुळे कोणता आकार कोणत्या आवाजाचा हे ते अंदाजाने हुडकते. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचे वाक्य आधी त्याच्याच बोलीत लिहावे; प्रमाण रूप मागून आले तरी चालते. अक्षरेही ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने घेण्याची गरज नसते. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, मका, माल, कमाल असे बरेच शब्द होतात. अक्षरांच्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून मुले शब्द जुळवतात, खडूने तळफळ्यावर लिहितात आणि एखादा निरर्थक शब्द तयार झाला की खदखदून हसतात. त्या हसण्यालाही किंमत आहे, कारण शब्द निरर्थक आहे हे वाचता आल्याशिवाय कळत नाही.

खरा कस लागतो संख्यांत. मराठीत ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी येतात; म्हणून मूल 34 लिहिते. ‘एकोणचाळीस’ ऐकून कित्येक जण 49 लिहितात. एकोणनव्वदपर्यंत ही एकाने कमी सांगण्याची रीत चालते आणि 99 ला ‘नव्व्याण्णव’ येऊन तीही मोडते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला. वर्गात बसणाऱ्याला त्यामागची अडचण रोज दिसते. त्यावर घोकंपट्टीपेक्षा काड्या उपयोगी पडतात. दहा काड्यांना रबर लावला की एक दशक. चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या म्हणजे 43. संख्येचे नाव काहीही असो, गठ्ठे डावीकडे आणि सुट्या काड्या उजवीकडे ठेवायची सवय हाताला लागते.

वजाबाकीत या काड्यांचा उपयोग आणखी स्पष्ट होतो. 43 मधून 17 काढायचे तर सुट्या काड्या तीनच. मूल थोडा वेळ त्यांच्याकडे बघते, मग एका गठ्ठ्याचा रबर काढते. आता तीन गठ्ठे आणि तेरा सुट्या. त्यातून एक गठ्ठा आणि सात काड्या बाजूला केल्या की उरतात दोन गठ्ठे, सहा काड्या. ‘शेजारून उसना घेतला’ हे पुढे फळ्यावर लिहिले जाते, तेव्हा उसने कोणाकडून आले हे मुलाने पाहिलेले असते. परतलेल्या शिक्षकाची परीक्षा त्या थोड्या वेळातच होते. रबर काढ, असे सांगण्याचा मोह आवरणे अवघड असते, कारण कार्यालयात उत्तराची वाट पाहण्याची सवय मोडलेली असते.

हावभावगीते, टाळ्या, मुखवटे हे सगळे वर्गात हवेच, पण आनंददायी शिक्षण म्हणजे एवढेच असे धरले की दिवस मजेत जातो आणि वाचन जागचे हलत नाही. गाणे परिपाठानंतर अंग मोकळे करायला किंवा खिचडी खाऊन पेंगुळलेल्या वर्गाला जागे करायला बरे. जमिनीवर आखलेल्या चौकटींवर उड्या मारताना दोन-दोनने मोजले तरच ती उडी गणिताची.

एका खोलीत दोन वर्ग असतील तर दुसरीची मुले पहिलीच्या चिठ्ठ्या वाचून दाखवतात आणि तेवढ्यात शिक्षक एका गटाजवळ बसू शकतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत. बैठका आणि ऑनलाइन माहिती भरण्यात त्यातले काही जातात, म्हणून हे साहित्य आदल्या संध्याकाळीच लावून ठेवावे लागते. काड्या कधी काढून घ्यायच्या हे पुस्तकात सापडत नाही. एखादे मूल गठ्ठ्याकडे नुसते पाहून उत्तर सांगू लागते, पुढे पाहतही नाही. शेजारच्याला अजून प्रत्येक काडी मोजावी लागते. दोघांना एकाच दिवशी वहीवर आणले तर दुसरे मूल पहिल्याचे उत्तर उतरवू लागते. पालकांना मात्र भरलेली वही हवी असते, आणि ती कोरी का याचे उत्तर पालकसभेत मुलांच्याच हाती काड्या देऊन दाखवावे लागते.