बुद्ध्यंक १०२ म्हणजे नेमके किती?

डेव्हिड वेक्सलर यांनी १९५५ मध्ये प्रौढांसाठी आणलेल्या बुद्धिमापन चाचणीत १०० ही सरासरी आणि १५ हे प्रमाण विचलन धरले जाते; म्हणजे साधारण दोन तृतीयांश माणसे ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. हा आकडा टक्के नव्हे (अहवाल हाती पडला की गफलत तिथेच होते), तर समवयस्कांमधले स्थान आहे. शिवाय प्रत्येक मापनात थोडी चूक असतेच, म्हणून जाणकार मानसशास्त्रज्ञ नुसते १०२ न म्हणता ९८ ते १०६ असा काहीसा पट्टा देतात. शाब्दिक आकलन उत्तम, पण कामाचा वेग बराच कमी असेल, तर एकूण बुद्ध्यंक दोन्ही गोष्टी झाकून टाकतो. तुलनेची मानके जुनी असली तर गुण फुगतात. अमेरिकेत ही वाढ दशकाला सुमारे ३ गुण असल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखवले.

मग चाचणी घ्यायचीच कशाला, असा आक्षेप येतो. तो टिकत नाही. मेंदूला इजा झाल्यावर कोणती क्षमता घटली आणि कोणती शाबूत राहिली, हे नुसत्या बोलण्यातून नीट कळत नाही. मात्र शिक्षण, भाषा, झोप, नैराश्य यांची दखल न घेणारा अहवाल अपुराच. तेव्हा अहवाल घेताना पट्टा आणि उपचाचण्यांचे गुण दोन्ही मागून घ्या.