दक्षिण भारतीय फिल्टर कॉफी

दक्षिण भारतीय फिल्टर कॉफी हे भाजून दळलेल्या कॉफीच्या बियांचा घट्ट अर्क गरम दुधात मिसळून तयार केले जाणारे पेय आहे. दोन मजली धातूच्या गाळणीतून हा अर्क केवळ गुरुत्वाकर्षणाने थेंबाथेंबाने खाली उतरतो. बोलीभाषेत त्याला 'डिकॉक्शन' म्हणतात. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ आणि आंध्र प्रदेशात हे पेय घरोघरी केले जाते. महाराष्ट्रात ते मुख्यतः उडुपी उपाहारगृहांमुळे आणि मुंबईतील माटुंग्यासारख्या दाक्षिणात्य वस्तीच्या भागांमुळे परिचित झाले. महाराष्ट्रातील पारंपरिक घरगुती पद्धतीत कॉफीची पूड दुधात उकळून त्यात जायफळ किंवा वेलदोडा घालतात. फिल्टर कॉफीत पूड उकळली जात नाही आणि दुधाच्या संपर्कातही येत नाही, हा दोन्ही पद्धतींतील मुख्य फरक होय.

## इतिहास

सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरजवळील डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. हे डोंगर आज बाबा बुदनगिरी या नावाने ओळखले जातात. ब्रिटिश काळात कर्नाटक, वायनाड आणि निलगिरी परिसरात कॉफीचे मोठे मळे उभे राहिले. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे इंडिया कॉफी हाउसची पहिली शाखा सुरू झाली. १९४२ च्या कायद्यान्वये कॉफी मंडळाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. १९५० च्या दशकात मंडळाने कॉफीगृहे बंद केल्यानंतर कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती चालवण्यास घेतली.

## बिया आणि भाजणी

भारतात अरेबिका आणि रोबस्टा या दोन जातींची लागवड होते. देशातील सुमारे ७० टक्के उत्पादन एकट्या कर्नाटकात होते. अरेबिकाला सुगंध व सौम्य आंबटपणा अधिक असतो. रोबस्टा अधिक कडू व दाट असून तिच्यात कॅफीनचे प्रमाण अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते. दुधात मिसळल्यावरही कॉफीची चव टिकावी म्हणून अनेक मिश्रणांत दोन्ही जाती वापरल्या जातात. कूर्ग, चिकमगळूर व बाबा बुदनगिरी येथील अरेबिका आणि वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

भारतीय बाजारात धुऊन तयार केलेल्या अरेबिकाला 'प्लांटेशन', धुतलेल्या रोबस्टाला 'पार्चमेंट' आणि फळासकट वाळवलेल्या बियांना 'चेरी' म्हणतात. एरवी फळात दोन चपट्या बिया असतात. काही फळांत एकच गोल बी वाढते, तिला 'पीबेरी' म्हणतात. गोल आकारामुळे ती सारखी भाजली जाते.

फिल्टर कॉफीसाठी मध्यम ते गडद भाजणी पसंत केली जाते. भाजल्यानंतर बियांमधून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत राहतो. ताज्या पुडीवर गरम पाणी ओतल्यावर ती फुगते, ती या वायूमुळेच. पूड न फुगणे हे बहुधा ती शिळी झाल्याचे लक्षण असते. म्हणूनच दाक्षिणात्य वस्त्यांमधील कॉफीच्या दुकानांत ग्राहकासमोर बिया दळून देण्याची प्रथा आहे.

## चिकोरी

चिकोरी ही एका वनस्पतीच्या मुळांची भाजून केलेली पूड आहे. तिच्यात कॅफीन नसते. नेपोलियनच्या काळात युरोपात कॉफीची आयात खुंटल्यावर तिचा वापर विशेष वाढला. चिकोरीचा पाण्यात विरघळणारा भाग कॉफीपेक्षा बराच जास्त असल्याने अर्क गडद व दाट होतो. त्यामुळे केवळ गडद रंगावरून अर्कातील कॉफीचे प्रमाण ठरवता येत नाही.

भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असणे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ८०:२० व ७०:३० ही मिश्रणे सर्रास आढळतात. चिकोरी कॉफीपेक्षा स्वस्त असल्याने हे प्रमाण पाहणे ग्राहकाच्या हिताचे असते. शुद्ध म्हणून विकलेली पूड तपासण्यासाठी ती पेल्यातील पाण्यावर हलकेच भुरभुरतात. कॉफी तरंगते, तर चिकोरी काही सेकंदांत रंगाची रेघ सोडत तळाशी जाऊ लागते.

## उपकरणे

फिल्टर पितळ किंवा स्टेनलेस स्टीलचा असतो. पितळी फिल्टरला आतून कल्हई आवश्यक असते. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात, तर खालच्या भांड्यात अर्क साठतो. पूड दाबण्यासाठी दांडी असलेली सच्छिद्र चकती आणि वर झाकण असते. छिद्रे तेलकट गाळाने बुजल्यास अर्क उतरत नाही. अशा वेळी ती गरम पाण्याने व ब्रशने साफ करतात.

बिया घरी दळायच्या असल्यास चक्क्यांचा ग्राइंडर पात्यांच्या मिक्सरपेक्षा योग्य ठरतो. मिक्सरमध्ये काही कण पिठासारखे, तर काही जाड राहतात. बारीक कणांतून कडवटपणा जास्त उतरतो आणि जाड कणांतील चव आतच राहते.

## कृती

दोन ते तीन कपांसाठी सुमारे २५ ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घालून सारखी पसरतात व चकतीने हलकेच दाबतात. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे सुमारे १५० मिलिलिटर पाणी वापरले जाते. प्रथम पूड भिजेल एवढेच पाणी ओततात आणि वायू निघून गेल्यावर उरलेले पाणी गोलाकार धारेने घालतात. पूड स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवत असल्याने सुमारे १०० मिलिलिटर अर्क मिळतो. तो उतरण्यास साधारणतः १५ ते ३० मिनिटे लागतात.

एक भाग अर्कात आवडीनुसार दोन ते तीन भाग ताजे उकळलेले दूध मिसळतात. अर्क थेट आचेवर तापवल्यास सुगंध उडतो व कडवटपणा वाढतो. म्हणून उष्णता दुधातूनच दिली जाते. शेवटी कॉफी टंबलर आणि पसरट डबरा यांत उंचावरून ओतून वर-खाली करतात. यामुळे साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी कोमट होते. कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' प्रसिद्ध आहे. दुधाची शुद्धता मोजण्याच्या 'डिग्री'वरून हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते.

## सामान्य दोष व कारणे

* '''अर्क पातळ व आंबट :''' पूड फार जाड, पाणी कोमट किंवा पूड कमी दाबलेली.
* '''अर्क अतिकडू :''' पूड फार बारीक, भाजणी करपलेली किंवा अर्क पुन्हा उकळलेला.
* '''अर्क न उतरणे :''' पूड फार बारीक, जास्त दाबलेली किंवा छिद्रे बुजलेली.
* '''सुगंध नसणे :''' पूड शिळी किंवा उघडी राहिलेली.

पातळ अर्कावर केवळ पूड वाढवणे हा उपाय पुरेसा नसतो. पाण्यात काय उतरते हे कणांचा आकार, तापमान आणि संपर्काचा काळ यांवर ठरते. त्यामुळे एका वेळी एकच घटक बदलून पाहिल्यास दोषाचे कारण सापडते.

## साठवण

हवा, ओलावा, उष्णता व प्रकाश यांमुळे कॉफीचा सुगंध घटतो. दळल्यानंतर हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग वाढल्याने पूड अख्ख्या बियांपेक्षा लवकर शिळी होते. हवाबंद, अपारदर्शक डब्यात, चुलीपासून दूर आणि एक-दोन आठवड्यांना पुरेल एवढीच पूड ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. फ्रिजमधून वारंवार बाहेर काढलेल्या डब्यात दव साचते व कॉफी इतर पदार्थांचे वासही शोषते.