आधी डागडुजी, मग खेळ

'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' हा संगणकावरचा रोल-प्लेइंग गेम २००४ साली कच्चाच बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी तो घडवणारी ट्रॉइका कंपनी बंद पडली. उरलेले दोष मग चाहत्यांनीच पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या फाइल्स, काढून वर्षानुवर्षे निस्तरले. असा गेम सुरू करण्याआधीच पॅच बसवावा. अर्ध्यावर बसवला, तर सेव्ह फाइलमध्ये साठलेली पात्रांची जुनी स्थिती नव्या स्क्रिप्टशी जुळेलच असे नाही. मूळ कलाकृतीत ढवळाढवळ कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण चाहत्यांच्या या अनधिकृत पॅचच्या 'बेसिक' प्रकारात मुख्यतः दोषदुरुस्तीच आहे. निर्मात्यांनी गाळलेला भाग परत आणणारा 'प्लस' वेगळा निवडावा लागतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याने बेसिकच घ्यावा, कारण निर्मात्यांना दाखवायचा होता तो खेळ त्यातच सर्वांत जवळून भेटतो.