मोटारींतील खर्ज : बंद पेटी कीं नळीची पेटी?

साताऱ्याहून सांगलीस मोटारीनें जाणाऱ्या कुटुंबास दोन-अडीच तास गाडींत बसून काढावे लागतात. महामार्गानें कराड, पुढें पेठ नाका, आणि तेथून आष्ट्यावरून सांगली, असा हा प्रवास आहे. एवढ्या वेळांत गाणें ऐकावें अशी इच्छा कोणासहि होईल. परंतु गाडीनें वेग घेतला म्हणजे एक गोष्ट अनुभवास येते. गायकाचा आवाज ऐकूं येतो, सतारीची तार ऐकूं येते, पण डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याचा खर्ज मात्र कोठें तरी हरवतो. याचें कारण असें कीं, टायर आणि रस्ता यांच्या घर्षणानें उठणारा घरघराट मुख्यतः खालच्या सुरांचा असतो व तो गाण्यांतील खालच्या सुरांस झांकून टाकतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं डिकींत जो मोठा ध्वनिक्षेपक बसवितात, त्यास बाजारांत सबवूफर म्हणतात.

तो घेण्यास गेलेल्या गृहस्थापुढें पहिलाच प्रश्न येतो तो पेटीचा. पेटी सीलबंद हवी कीं पोर्टची? बहुतेक गृहस्थ येथें निरुत्तर होतात, आणि दुकानदार जी पुढें करील ती घेऊन घरीं येतात. व्यवहार कांहीं हजार रुपयांचा असतो, आणि पेटी चुकली तर पैसे जाऊन गाण्याचा आनंदहि जातो. म्हणून या दोन पेट्यांमागील शास्त्र थोडक्यांत समजून घेणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम पेटी हवीच कशाला, हें पाहूं. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढें सरकला म्हणजे पुढील हवा दाबली जाते. पण त्याच क्षणीं पाठीमागील हवा विरळ होते. पुढची दाटी आणि मागची विरळता यांची गांठ पडली कीं दोन्ही एकमेकींस नाहींशा करतात. उंच सुरांच्या बाबतींत हें फारसें घडत नाहीं, कारण त्यांच्या लाटा आंखूड असतात. परंतु सेकंदास ४० कंपनें असलेल्या सुराची लाट सुमारें साडेआठ मीटर लांब असते. तिच्यापुढें फूटभर रुंदीचा पडदा म्हणजे कांहींच नव्हे. पाठीमागचा आवाज सहज वळसा घालून पुढें येतो आणि खर्ज मारला जातो. यावर उपाय दोनच. मागचा आवाज कोंडून टाकावा, नाहीं तर त्यास वळण लावून उपयोगी आणावें. कोंडते ती बंद पेटी, वळण लावते ती नळीची पेटी. सारा भेद एवढ्यांत आहे.

बंद पेटींत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पडदा आंत गेला कीं ती त्यास बाहेर ढकलते, बाहेर गेला कीं आंत ओढते. या हवेच्या स्प्रिंगेवरच सारी भिस्त ठेवणारा ध्वनिक्षेपक एडगर व्हिल्चर यांनीं १९५४ सालीं अमेरिकेंत बाजारांत आणला. या रचनेचा गुण असा कीं, पडदा नेहमीं ताब्यांत राहतो. डग्ग्यावर थाप पडली कीं सूर उठतो आणि थाप संपली कीं तोहि आवरतो. पेटी लहान पुरते. १२ इंची सबवूफरास बहुधा २५ ते ३५ लिटर. ठराविक मर्यादेखालीं तिचा आवाज कमी होऊं लागतो, पण तो हळूहळू. एक सप्तक खालीं गेलें म्हणजे १२ डेसिबल इतका. उणेपण हें कीं, मागील बाजूची सारी शक्ति पेटींतच जिरते. त्यामुळें तेवढ्याच आवाजासाठीं अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर लागतो.

नळीच्या पेटीची कल्पना याहून जुनी आहे. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेचे आल्बर्ट थुरास यांनीं तिच्या पेटंटासाठीं १९३० सालीं अर्ज केला व १९३२ सालीं तें त्यांस मिळालें. तत्त्व आपल्या घरांतलेंच आहे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली असतां ती एकाच ठराविक सुरांत घुमते. पेटीस नळी बसविली कीं तिचीहि अशीच घागर होते. नळींतील हवा गोळ्याप्रमाणें पुढेंमागें हलते आणि पेटींतील हवा तिची स्प्रिंग होते. या घुमण्याच्या सुरावर पडदा जवळजवळ स्थिर राहतो आणि बहुतेक काम नळीच करते. परिणामीं त्या सुराच्या आसपास आवाज सुमारें ३ डेसिबल अधिक मिळतो. ॲम्प्लिफायरची शक्ति दुप्पट केल्यानें जें साधतें, तें येथें एका नळीनें साधतें.

परंतु या लाभाची किंमत द्यावी लागते. घुमण्याच्या सुराखालीं गेलें कीं नळी आणि पडदा एकमेकांविरुद्ध काम करूं लागतात, व आवाज सप्तकामागें २४ डेसिबल इतक्या वेगानें कोसळतो. त्या भागांत पडद्यास हवेचा आधारहि उरत नाहीं. तो मोकाट हलतो आणि जोराच्या आवाजांत फाटण्याचाहि संभव असतो. म्हणून अति खालचे सूर अडविणारी गाळणी ॲम्प्लिफायरमध्यें असावीच लागते. पेटी मोठी, ५० ते ६० लिटरांची. नळी अरुंद असली तर तींतून वाऱ्याची फुसफुस ऐकूं येते. आणि मोजमाप चोख पाहिजे. ५० लिटरांच्या पेटीस १० सेंटिमीटर व्यासाची नळी बसवून ती ३५ कंपनांवर घुमवावयाची असेल, तर नळी सुमारें ३१ सेंटिमीटर लांब हवी. सुतारानें जागेच्या सोयीसाठीं ती २० सेंटिमीटरच ठेवली, कीं घुमण्याचा सूर ४१ कंपनांवर जातो आणि सारा हिशेब बिघडतो. बंद पेटींत असें थोडें कमीजास्त खपून जातें.

एवढें ऐकून कोणी म्हणेल कीं, जागा आणि चांगला सुतार असेल तर नळीचीच पेटी श्रेष्ठ. घरांतील दिवाणखान्याविषयीं हें पुष्कळ अंशीं खरें ठरेल. परंतु मोटार म्हणजे दिवाणखाना नव्हे, आणि निवडीचें मर्म येथेंच आहे. मोटारीचा आंतील भाग सुमारें अडीच मीटर लांब धरला, तर सेकंदास ६८ कंपनांखालील सुरांची अर्धी लाटहि त्यांत मावत नाहीं. अशा वेळीं लाट पसरण्याऐवजीं गाडींतील सगळी हवाच एकदम दाबली जाते व सैल होते. त्यामुळें सूर जितका खालचा, तितका तो गाडींत आपोआप वाढतो. गणितानें ही वाढ सप्तकामागें १२ डेसिबल येते. प्रत्यक्षांत पत्रा, दारें आणि खिडक्या यांतून कांहीं भाग निसटत असल्यानें ती कमी भरते. आतां वर सांगितलेली बंद पेटीची घट आठवा. तीहि १२ डेसिबलच! पेटी जें खालीं आणते तें गाडी वर उचलते, आणि दोहोंच्या मेळानें खर्ज पुष्कळसा समतोल होतो. मोटार हीच जणूं दुसरी पेटी आहे. नळीची पेटी मात्र आधींच एका सुरावर जोर देते. त्यावर गाडीची वाढ चढली, कीं प्रत्येक गाण्यांत तोच एक ढमढमाट ऐकूं येतो. कोणती थाप कोणत्या सुराची, हें मग कळेनासें होतें.

आपण ऐकतों तें संगीत किती खोल जातें, हेंहि पाहिलें पाहिजे. सांगलीस खेटून असलेलें मिरज हें तंबोऱ्याचें माहेर. एकोणिसाव्या शतकापासून तेथील कारागीर सतारी व तंबोरे घडवीत आले आहेत, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. काळी एक पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा धरला, तर त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा सूर त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ कंपनांचा येतो. गायिकेचा तंबोरा याहूनहि वर लागतो. मिरजेस वास्तव्य केलेले अब्दुल करीम खां १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या वेळच्या तबकड्यांत तर खालचे सूर मुळांतच क्षीण आहेत, आणि जें तबकडींत नाहीं तें कोणतीहि पेटी निर्माण करूं शकत नाहीं. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ कंपनांची असते; विजेच्या वाद्यांवरील आधुनिक नृत्यसंगीत ३०-४० कंपनांपर्यंत उतरतें. म्हणजे ख्याल, नाट्यगीत, भावगीत, अभंग ऐकणाऱ्या घरास नळीच्या पेटीची खोली क्वचितच कामीं येते. ज्यास नृत्यसंगीतच प्रिय आहे, डिकी मोकळी आहे, आणि मोजून बनविलेली, ३०-३५ कंपनांवर घुमणारी पेटी मिळते, त्यानें ती अवश्य घ्यावी. ती त्यास निराश करणार नाहीं.

सबवूफर स्वतः कोणत्या पेटीस योग्य, हें ठरविण्याचीहि सोपी रीति आहे. ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं, आणि पुढें १९७० नंतर रिचर्ड स्मॉल यांनीं या गणिताची घडी बसविली. निर्मात्याच्या पत्रकांत एफ्‌.एस्‌. व क्यू.ई.एस्‌. असे दोन आंकडे असतात. पहिल्यास दुसऱ्यानें भागावें. उत्तर ५० पेक्षां कमी आलें तर बंद पेटी, १०० पेक्षां अधिक आलें तर नळीची. मधलें आलें तर दोन्ही चालतील. उदाहरणार्थ, २८ ला ०.७ नें भागल्यास ४० येतात. हा सबवूफर बंद पेटीचा. ३६ ला ०.३५ नें भागल्यास १०३ येतात, हा नळीचा. पत्रक न दाखवितां नुसती वॅटांची मोठी संख्या सांगणाऱ्याकडून खरेदी न करणें हेंच शहाणपण.

आतां कांहीं व्यावहारिक सूचना. पेटी जाड व भक्कम फळीची असावी आणि बंद पेटीच्या सांध्यांतून हवा मुळींच निसटूं नये. लहान गाडींत स्टेपनी डिकीच्या तळाशीं असते. पावसाळ्यांत भर रस्त्यावर चाक बदलावयाचें झालें, तर वरची जड पेटी कशी काढावयाची, याचा विचार आधींच करावा. ती पट्ट्यांनीं घट्ट आवळावी. एरवीं जोराचा ब्रेक लागतांच ती मागच्या आसनावर आदळेल. ॲम्प्लिफायरच्या तारेस बॅटरीजवळच फ्यूज असलाच पाहिजे, नाहीं तर तार घांसून आग लागण्याचें भय राहतें.

शेवटीं कानांविषयीं. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकांठीं आठ तास सोसवतो असें मानतात, पण दर ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटें उरते. बंद गाडींत हा आंकडा सहज गांठला जातो, आणि मागच्या आसनावर बहुधा मुलेंच बसलेली असतात. शिवाय मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा चालकास ऐकूं न येणें हा धोका आहेच. वस्तींतून जातांनाहि भान ठेवावें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे.

सारांश इतकाच कीं, लहान गाडी, घरांतील सर्व वयांचीं माणसें आणि सर्व प्रकारचें गाणें, अशी स्थिति असेल तर बंद पेटी घ्यावी. एकाच प्रकारच्या जोरकस संगीताची आवड, पुरेशी जागा व चोख कारागिरी असेल तर नळीची घ्यावी. भोपळा मोठा म्हणून तंबोरा चांगला होत नाहीं. तार, दांडी आणि भोपळा एकमेकांस जुळले म्हणजे तो बोलतो. सबवूफर, पेटी आणि मोटार यांचेंहि तसेंच आहे.