बायोत साडेतीनशे

परभणी जिल्ह्यात ‘बी.एस्सी. फर्स्ट इयरला आहे’ हे उत्तर पुष्कळदा अर्धंच असतं. ‘आणि नीट रिपीट करतोय’ हा त्याचा उरलेला भाग. बारावी झाली, नीट देऊन झाली, एमबीबीएसला गुण कमी पडले. मग ‘ड्रॉप’ घ्यायचा आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा बसायचं. नुसतं घरी बसायला मात्र कोणी सुचवत नाही. कॉलेजात नाव असलं की एसटीचा विद्यार्थी पास निघतो, त्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. मधलं वर्ष मोकळं दिसत नाही, म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र टळतं. आणि पारावर कोणी विचारलं तर बापाजवळ सांगायला काहीतरी असतं. म्हणून नाव पदवीच्या पटावर आणि दिवस अभ्यासिकेत, अशी ही दुहेरी हजेरी. प्रात्यक्षिकाला जायचं, सही करायची, आणि तसंच अभ्यासिकेचा जिना चढायचा.

नीट म्हणजे १८० प्रश्न, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा, सोडलं तर शून्य. २०२५पासून वेळ १८० मिनिटं आहे. त्याआधी तीन वर्षं २०० मिनिटं मिळत आणि २००पैकी १८०च सोडवायचे असत. दहावीनंतर गणित सोडून पीसीबी घेतलेल्या मुलांना भौतिकशास्त्र जड जातं, हे शिकवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे शिकवणीवर्गांत वर्षभर एक आकडा कानावर पडत राहतो : साडेतीनशे. बायोत साडेतीनशे पाडायचे, फिजिक्सचं मग बघू.

ऐकायला हा आकडा गोल आणि गोंडस वाटतो. ३६०पैकी ३५० म्हणजे नव्वदपैकी अठ्ठ्याऐंशी बरोबर आणि दोनच चूक. तिसरी चूक झाली की ३४५. एका चुकीला चार गुण जातात आणि वर एक दंड, म्हणजे पाच. पहिल्या वर्षी अभ्यास असतो तो शिकण्याचा. रिपीटरचा अभ्यास असतो चुका मारण्याचा. दोन्हींत फार अंतर आहे.

जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची अकरावी आणि बारावीची दोनच पुस्तकं. ती ‘लाईन टू लाईन’ करायची. रिपीटरचं पुस्तक चटकन ओळखू येतं : पहिल्या वर्षी महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या, दुसऱ्या वर्षी राहिलेल्या गुलाबी, आता कोरी ओळ शोधूनही सापडत नाही. अभ्यासक्रम २०२४च्या परीक्षेपासून कमी झाला, तेव्हा जुन्या प्रतीतली काही पानं पेन्सिलीने आडवी कापलेली दिसत. आदल्या वर्षी तीच पाठ केलेली असत.

यात भाषेची एक खाच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाने दहावीपर्यंत तंतुकणिका आणि हरितलवक शिकलेलं असतं. अकरावीला विज्ञानशाखेत पाऊल टाकलं की त्याचं माइटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट होतं. कल्पना ओळखीची, नाव परकं. नीटचा पेपर तेरा भाषांत मिळतो, त्यांत मराठीही आहे; पण दोन वर्षं इंग्रजी पुस्तक घोकून झाल्यावर मराठी पेपर मागण्याचं धाडस थोडेच करतात. म्हणजे या मुलांचं पहिलं वर्ष खरं तर शब्द बदलण्यातच जातं, आणि रिपीटचं वर्ष ती उधारी फेडण्यात. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या मुलाला हे वर्ष लागत नाही, एवढं तरी ‘गुणवत्ता’ हा शब्द उच्चारताना ध्यानात ठेवायला हरकत नाही.

अभ्यासिकेचा दिवस सांगण्यासारखा नसतो : प्लायवुडचे खण, वर पंखा, भिंतीवर शांतता राखण्याची सूचना. मोबाइल बंद करून खणात. या सगळ्यात एकच गोष्ट जिवंत, ती म्हणजे डबा. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या गावांतून एसटीने डबे येतात. कापडात बांधलेले, वर नावाची चिठ्ठी. बसस्थानकावरून ते उचलून आणायचं काम मुलं आळीपाळीने करतात. डबे आले की लसणाच्या चटणीचा आणि ज्वारीच्या भाकरीचा वास जिन्यातून वर चढतो, आणि पेशीविभाजनात बुडालेल्या माना हळूहळू वर येतात. पहाटे उठून ती भाकरी थापणाऱ्या बाईला बायोत साडेतीनशे म्हणजे काय हे कळत नसेल. आकडा तिलाही पाठ असतो.

रविवारी टेस्ट. सोमवारी चुकांची वही. रिपीटरच्या कामाचा गाभा म्हणजे ही वही. चुका तीन घरांत लिहायच्या : येतच नव्हतं, घाईत वाचलं, गोल भलताच भरला. जून-जुलैत पहिलं घर गच्च असतं. दिवाळीनंतर ते रिकामं होत जातं आणि दुसरं भरतं. प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द डोळ्यांतून निसटलेला असतो. तिसऱ्या घरातल्या चुकांना ‘सिली मिस्टेक’ म्हणतात. ज्याने हा शब्द आणला त्याला पाच गुणांची किंमत ठाऊक नसावी. वही कोणी कोणाला दाखवत नाही, आणि ती मागूही नये.

ही कसरत आजच्या रूपात जुनी नाही. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश पूर्वी राज्याच्या सीईटीवर होत, अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असे. २०१६ साली राज्याच्या कोट्यासाठी सीईटी शेवटची चालली. २०१७पासून नीट आणि एनसीईआरटी. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ त्याच्या कितीतरी आधी नावाजला होता, आणि परभणीची ऐपतवाली मुलं दहावी होताच लातूरच्या वाटेला लागत. लागतात आजही. पण दुसऱ्यांदा तिथली खोली, मेस, फी परवडत नाही; मग रिपीट घरच्या जिल्ह्यात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण नोकरी शोधणाऱ्यांसाठी जन्मली असेल, आता ती अभ्यासिकेत रुजू झाली आहे.

प्रवेशाचा नकाशाही हलला. राज्यातल्या जागांचं विभागवार ७०:३० वाटप सप्टेंबर २०२०मध्ये रद्द झालं. कॉलेजं कमी आणि गुणवंत जास्त असलेल्या मराठवाड्याची ती मागणी होती. २०२३मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी एमबीबीएससाठी अंबाजोगाई, नांदेड, लातूर गाठावं लागे. जागा १००. त्यांतल्या १५ अखिल भारतीय कोट्याच्या, ८५ साऱ्या महाराष्ट्राच्या. परभणीसाठी राखीव अशी एकही नाही, हे अनेक पालकांना प्रवेशफेरी सुरू झाल्यावरच समजतं.

‘पात्र’ हा शब्दही असाच फसवा. २०२५ला देशात २२ लाखांवर मुलं बसली, १२ लाखांवर पात्र ठरली. खुल्या प्रवर्गाची पात्रता ७२०पैकी १४४ गुणांवर संपली. सरकारी एमबीबीएसचा उंबरठा याच्या तिपटीहून वर होता. मधल्या पट्ट्यात बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी, फार्मसीची वेगळी. पशुवैद्यकही नीटच्याच गुणांवर, आणि परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १९७२पासूनचं. गाय विताना रात्रभर गोठ्यात कंदील धरलेला मुलगा पशुवैद्यक पसंतीक्रमात खाली टाकतो, कारण गावाला ‘डॉक्टर’ हवा असतो, ‘ढोरांचा डॉक्टर’ नको. पैकी कोणता डॉक्टर गावाला वर्षातून जास्त वेळा लागतो, हे पसंतीक्रम भरताना कोणी मोजत नाही.

या अख्ख्या तयारीत रुग्ण कुठेच नाही. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. एमसीएटी परीक्षा असते, मुलाखत असते, आणि इस्पितळात किती काळ घालवला हेही पाहिलं जातं. इथे ते विचारलं जात नाही, म्हणून केलंही जात नाही. जिल्हा रुग्णालय त्याच शहरात आहे. दोन-दोन वर्षं डॉक्टर होण्याची तयारी करणारा मुलगा तिथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तासभर उभा राहिलेला नसतो. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्ताचा मार्ग त्याला ओळीसकट पाठ. ठोका कधी ऐकलेला नाही. नीटच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी : गोल भरलेला कागद आडनाव वाचत नाही, बोलण्याची धाटणी ऐकत नाही. मुलाखत आली तर पालमच्या मुलाचं काय होईल, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

परीक्षा मे महिन्यात, दुपारी दोन ते पाच, परभणीच्या भर उन्हात. दीड वाजता फाटक बंद. अर्ध्या बाह्या, पायात चपला, पारदर्शक बाटली. कानातलं-नाकातलं उतरवून आईच्या हातात. पेन केंद्रावर मिळतं. २०२५चा निकाल १४ जूनला लागला, म्हणजे ऐन पेरणीच्या धांदलीत.

निकालानंतर कागद. अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. बी.एस्सी.च्या कॉलेजात अडकलेली टी.सी. नाव काढून परत मिळवावी लागते. जात वैधतेचा अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीलाच करून टाकावा. बायोत साडेतीनशे पडूनही तेवढ्या एका कागदाने जागा हातची जाऊ शकते.

यादीत एक वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखलाही असतो. त्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरसमोर बसावं लागतं. तपासणी, सही, शिक्का. दाखल्याचा नमुना माहितीपुस्तिकेच्या परिशिष्टात असतो. तो छापून आपणच न्यायचा.